प्रश्न तुमचे: मुलाला गुंगी देताना त्याच्या श्वासाकडे कोण पाहते?

टाके, पाठीतले पाणी, एमआरआय, कानाची बेरा तपासणी, दात. या कामांसाठी लहान मुलांना गुंगी देण्याबद्दल नाशिक जिल्ह्यातून बरीच पत्रे आली. त्यांतल्या निवडक पत्रांना ही उत्तरे. उत्तरांत दिलेल्या मात्रा डॉक्टर आणि परिचारिकांसाठी आहेत. घरी कोणी वापरू नयेत.

सिन्नरला माझे छोटे बालरुग्णालय आहे. गळू फोडणे, पाठीतले पाणी काढणे, मोडलेला हात बसवणे ही कामे वरचेवर असतात. भूलतज्ज्ञ नाशिकहून येतात, दर वेळी मिळतातच असे नाही. तीन सिस्टरना तयार करायचे आहे. कोणत्या औषधापासून सुरुवात करू? — बालरोगतज्ज्ञ, सिन्नर

औषधापासून नको. मास्क आणि अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी, यांपासून करा.

गुंगीला पायऱ्या आहेत. आधी मूल हाकेला डोळे उघडते, मग फक्त हलवल्यावर, मग फक्त दुखवल्यावर हलते, आणि शेवटी कशालाच दाद देत नाही. एकाच वजनाची दोन मुले एकाच मात्रेला वेगवेगळी वागतात. तुम्ही दुसऱ्या पायरीच्या हिशेबाने औषध दिलेत तरी मूल तिसरीवर किंवा चौथीवर पोचू शकते. म्हणून नियम असा, की जिथे थांबायचे ठरवले त्याच्या एक पायरी पुढे गेलेल्या मुलालाही जो सांभाळू शकतो, त्यानेच गुंगी द्यावी. अमेरिकेतल्या ३०,०००हून अधिक मुलांच्या नोंदी २००६ मध्ये प्रसिद्ध झाल्या. मृत्यू एकही नव्हता, पण दर २०० मुलांमागे साधारण एकाला श्वासासाठी मदत लागली: कुणाला मास्कने, कुणाला तोंडातल्या नळीने. ही तयारीच्या पथकांची आकडेवारी आहे. तुमच्या सिस्टरनाही असे मूल कधीतरी भेटणारच, आणि त्या वेळी औषधाचे नाव पाठ असून काही उपयोग नाही.

तेव्हा मास्कवर हात कसा ठेवायचा ते आधी. दोन वर्षांखालच्या मुलाचे डोके मागच्या बाजूला मोठे असते. उताणे निजवले की मान पुढे वाकते आणि श्वासमार्ग दबतो. खांद्याखाली टॉवेलची घडी घाला. बाजूने पाहिल्यावर कानाचे भोक आणि गळ्याच्या तळाची खोबण एका पातळीत दिसली पाहिजे. मास्क नाकाच्या हाडापासून हनुवटीच्या खाचेपर्यंत बसावा, डोळ्यांवर चढू नये. बोटे जबड्याच्या हाडावर ठेवा. ती हनुवटीखालच्या मऊ भागात रुतली की जीभ वर ढकलली जाते आणि वाट आपणच बंद करतो. नवशिके सर्वांत जास्त इथेच चुकतात. बॅग किती दाबायची? १० किलोच्या मुलाला एका श्वासाला ६० ते ८० मिली पुरते, बॅग असते ५०० मिलीच्या आसपास. पूर्ण आवळली तर जास्तीची हवा पोटात जाते, पोट फुगते, मूल उलटी करते आणि ती फुप्फुसात उतरते. छाती उचललेली दिसली की हात सैल. दर दोन-तीन सेकंदांना एक श्वास, त्याहून घाई नको. एकटीला मास्क घट्ट बसवता येत नसेल तर एकीने दोन्ही हातांनी मास्क धरावा, दुसरीने बॅग दाबावी. त्यात कमीपणा काही नाही.

बॅगेच्याही खोड्या आहेत. मागची रिझर्व्हॉयरची, म्हणजे ऑक्सिजन साठवणारी, पिशवी लावलेली नसेल तर ऑक्सिजन सुरू असूनही मुलाला जेमतेम ४० टक्क्यांच्या आसपास मिळतो. पिशवी असेल तर ९०च्या वर. आणि श्वास घेणाऱ्या मुलाच्या तोंडाजवळ अंबू बॅग नुसती धरून ऑक्सिजन ‘देणे’ बहुतेक वाया जाते, कारण बॅग दाबल्याशिवाय तिची झडप नीट उघडत नाही. त्यासाठी साधा मास्क किंवा नाकातली नळी वापरा.

मग कामाची वाटणी. एक डॉक्टर प्रक्रिया करणार. एक सिस्टर श्वासावर बसणार. श्वासावर बसलेली सिस्टर पाय धरत नाही, गॉज आणायला जात नाही, फोन उचलत नाही. तिसरी व्यक्ती उचल-ठेव करायला. माणसे दोनच असतील आणि हलकी गुंगी पुरणार नसेल, तर ते काम त्या दिवशी करू नका; भूलतज्ज्ञ येईपर्यंत थांबा किंवा मूल नाशिकला पाठवा. पुष्कळ कामे नुसत्या बधिर करणाऱ्या मलमाने आणि थोड्या धीराने होतात. मलम लावून तासभर थांबायची मात्र तयारी हवी. दहा मिनिटांत सुई टोचली तर मलम नावापुरतेच.

प्रशिक्षण एका दिवसाच्या कार्यशाळेत संपत नाही. पहिला दिवस पुतळ्यावर. त्यानंतर प्रत्येक सिस्टरला भूलतज्ज्ञासोबत ऑपरेशन थिएटरमध्ये पाठवा. भूल दिलेल्या खऱ्या मुलाला मास्क धरण्याइतकी चांगली शाळा नाही. आमच्या मते १०-१५ मुले हाताखालून जायला हवीत. भारतीय बालरोग अकादमीचे जीवरक्षण अभ्यासक्रम करून घ्या, पण ते याला पर्याय नव्हेत. शेवटी सराव तुमच्याच खोलीत, तुमच्याच टेबलावर, तुमच्याच सिलिंडरसह.

सिलिंडर निघालाच आहे तर त्याचेही सांगतो. मुलाला स्पर्श करण्याआधी सामान एकाच क्रमाने तपासायची सवय लावा: सक्शन (लाळ-उलटी ओढून काढणारे यंत्र) चालू करून अंगठ्याने ओढ पाहायची, मग ऑक्सिजन, मग मास्क, नळ्या आणि लॅरिंगोस्कोपचा (घशात पाहून नळी घालायच्या उपकरणाचा) दिवा, मग औषधे, मग मॉनिटर, मग डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र). ऑक्सिजन मिनिटाला १० लिटरने निदान ६० मिनिटे पुरला पाहिजे. भरलेल्या बी-टाइप सिलिंडरमध्ये सुमारे १५०० लिटर असतात, म्हणजे अडीच तास. अर्धा असेल तर सव्वा. एप्रिल २०२१ मध्ये ऑक्सिजनची टाकी गळल्यावर काय होते ते नाशिकने पाहिले आहे, तेव्हा भिंतीतल्या लाइनवर एकट्या भिस्त नको. आणि सिलिंडरची चावी साखळीने सिलिंडरलाच बांधा. ती नेहमी दुसऱ्याच खोलीत सापडते.

कुणाला स्वतः हात लावायचा नाही याची यादी भिंतीवर असू द्या: तीन महिन्यांखालचे बाळ, कमी दिवसांचे जन्मलेले तान्हे, झोपेत घोरून मध्येच श्वास थांबणारे, मोठे टॉन्सिल किंवा लहान जबडा असलेले, हृदयाचा आजार असलेले, फार जाड, ताप-खोकला असलेले, पोट भरलेले. पेठ, सुरगाणा, कळवणकडच्या मुलांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची चौकशी न विसरता करा. ऑक्सिजन थोडा वेळ जरी घसरला तरी त्या मुलांना वेदनांचा झटका येऊ शकतो. अशा मुलांना भूलतज्ज्ञ हवाच.

मॉनिटरवर सॅच्युरेशन ९८ होते, श्वासाचा आकडाही २४ दाखवत होता, तरी डॉक्टरांनी ‘श्वास बंद आहे’ म्हणून मास्क लावला. मॉनिटर खराब होता का? — परिचारिका, नाशिकरोड

मॉनिटर ठीक होता, त्याचे काम वेगळे आहे.

बोटावरचा प्रोब रक्तातला ऑक्सिजन दाखवतो, श्वास दाखवत नाही. मुलाला नाकातून ऑक्सिजन चालू असेल तर फुप्फुसांत साठा असतो आणि श्वास थांबल्यावरही आकडा काही काळ ९८ राहतो. घसरू लागला की मग वेळ देत नाही, कारण लहान मुलाला दर किलोमागे मोठ्या माणसाच्या दुपटीहून अधिक ऑक्सिजन लागतो, मिनिटाला ६ ते ८ मिली, आणि फुप्फुसांतला साठा थोडा. श्वासाचा आकडा तर आणखी फसवा. तो ईसीजीच्या पॅचमधून छातीची हालचाल मोजतो. जीभ मागे पडून वाट पूर्ण बंद झाली तरी मूल जोर लावते, छाती आत ओढली जाते, पोट वर येते आणि यंत्र त्यालाच श्वास समजून २४ मोजते.

हवा खरोखर आत-बाहेर होते आहे का, हे कॅप्नोग्राफ सांगतो. श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड तो लाटेच्या रूपात दाखवतो. नेहमीचा आकडा ३५ ते ४५. लाट सपाट झाली की एक तर श्वास बंद किंवा नळी नाकातून निसटलेली. आधी मुलाकडे पाहा, मग नळीकडे. उलट क्रमाने पाहणाऱ्यांचे अर्धे मिनिट वाया जाते. लाटा छोट्या आणि विरळ झाल्या तर श्वास उथळ पडतोय. आकडा कमी दिसला म्हणून सगळे ठीक समजू नका.

गुंगी हलकीपेक्षा जास्त द्यायची असेल तर कॅप्नोग्राफ असावा, हे आमचे स्पष्ट मत आहे. तो येईपर्यंत छातीवर चिकटवलेला स्टेथोस्कोप कानात ठेवा, पारदर्शक मास्कवर वाफ जमते-विरते का ते पाहा, आणि चादर छातीवरून खाली ओढून ठेवा. चादर गळ्यापर्यंत घेतलेल्या मुलाच्या श्वासावर लक्ष ठेवता येत नाही. दर पाच मिनिटांनी सॅच्युरेशन, नाडी, श्वास, रक्तदाब आणि गुंगीची पायरी कागदावर उतरवा. काम संपले, दुखणे थांबले, की मूल अचानक खोल जाते. नेमके तेव्हाच सगळे आवराआवरीला लागलेले असतात.

मिडाझोलामच्या मात्रेत गोंधळ होऊ नये म्हणून नवीन स्टाफला काय शिकवावे? — निवासी डॉक्टर, नाशिक

मिडाझोलाम हे गुंगीचे औषध. त्याचे एक उदाहरण पाठ करून घ्या. मूल १२ किलोचे, शिरेतून ०.०५ मिलिग्रॅम प्रतिकिलो, म्हणजे ०.६ मिलिग्रॅम. बाजारात हे औषध दोन ताकदींत मिळते: १ मिलीत १ मिलिग्रॅम आणि १ मिलीत ५ मिलिग्रॅम. पहिल्यातून ०.६ मिली, दुसऱ्यातून ०.१२ मिली. हातात दुसरे असताना ०.६ मिली दिले तर पाचपट मात्रा गेली. उपाय सरळ आहे: मुलांच्या ट्रॉलीत एकच ताकद ठेवा. ५ची अँप्यूलच आली असेल तर १ मिली औषधात ४ मिली सलाइन घालून १ला १ करा आणि सिरिंजवर औषधाचे नाव व मिलीतले मिलिग्रॅम लिहा. मोठ्याने बोलायचे तेही मिलिग्रॅममध्ये, मिलीमध्ये नव्हे.

वजन काट्यावर. ‘असेल बारा-तेरा किलो’ चालणार नाही. औषध दोन-तीन मिनिटांत सावकाश द्या आणि पुढची मात्रा द्यायच्या आधी तेवढेच थांबा. परिणाम दिसत नाही म्हणून घाईने दुसरी मात्रा दिली की दोन्ही एकदम अंगावर येतात. सोबत फेंटानिल हे वेदनाशामक असेल तर दोन्हींची मात्रा कमी हवी. अमेरिकेत २०००मध्ये मुलांच्या गुंगीतल्या ९५ दुर्घटनांचा अभ्यास छापून आला, त्यांत ५१ मुले दगावली होती. जास्त मात्रा, एकापेक्षा अधिक औषधांची सरमिसळ, अपुरी देखरेख आणि लवकर घरी सोडणे ही कारणे पुन्हापुन्हा दिसली. औषध तोंडाने दिले की शिरेतून, याने फारसा फरक पडला नव्हता.

उताऱ्याची औषधे सुरू करण्याआधीच हिशेब करून ठेवा. याच मुलाला फ्लुमाझेनिल ०.०१ मिलिग्रॅम प्रतिकिलो, म्हणजे ०.१२ मिलिग्रॅम. १ मिलीत ०.१ मिलिग्रॅमच्या अँप्यूलमधून १.२ मिली. उतारा मिडाझोलामच्या आधी संपतो आणि मूल पुन्हा गुंगीत जाते, म्हणून तो दिल्यावर निदान दोन तास सोडायचे नाही. फिट्ससाठी मिडाझोलामच्याच गटातली गोळी चालू असलेल्या मुलाला तो देऊ नका, फिट येईल. आणि उतारा भरेपर्यंत मुलाला श्वास द्यायचा तो मास्कनेच.

केटामाइनमध्ये श्वास थांबत नाही असे शिकलो होतो. मग स्वरयंत्र आवळल्याचे का ऐकू येते? — वैद्यकीय अधिकारी, इगतपुरी तालुका

केटामाइन या भुलीच्या औषधात श्वास बहुतेक चालू राहतो, म्हणूनच ते लाडके आहे. शिरेतून १ ते १.५ मिलिग्रॅम प्रतिकिलो अर्ध्या ते एका मिनिटात, किंवा स्नायूत ४ ते ५. शिरेतून झपकन ढकलले तर श्वास थोडा वेळ थांबतोच. स्वरयंत्र आवळण्याचे प्रमाण साधारण हजारात तीन. ते कमी वाटते, पण येते तेव्हा भूलतज्ज्ञ दूर असतो. शिरेतून मोठी मात्रा दिल्यास, सोबत मिडाझोलाम असल्यास, दोन वर्षांखाली आणि तेरा वर्षांवर श्वासाचे त्रास जास्त आढळले आहेत. सर्दीचे मूल किंवा घशात काम करायचे असेल तर केटामाइनचा विचार सोडा.

ओळख अशी: छाती जोर लावते, आवाज चिरका येतो किंवा येतच नाही, लाट सपाट. सगळे थांबवा. तोंडातली लाळ समोर दिसेल तेवढीच काढा, खोलवर सक्शन घातले तर आवळण वाढते. कानाच्या पाळीमागे, जबड्याचे हाड आणि कवटी यांच्यामधल्या खोबणीत दोन्ही बाजूंनी घट्ट दाबून जबडा पुढे आणा. मास्क घट्ट बसवून १०० टक्के ऑक्सिजनचा सलग दाब द्या. बॅग जोराने आवळू नका. बंद दारावर धक्के मारल्यासारखे होते, हवा पोटात जाते. बहुतेक मुले एवढ्यावर सुटतात. न सुटल्यास भुलीचे प्रोपोफोल ०.५ ते १ मिलिग्रॅम प्रतिकिलो किंवा स्नायू सैल करणारे सक्सामेथोनियम १ ते २ मिलिग्रॅम प्रतिकिलो शिरेतून, शीर नसेल तर सक्सामेथोनियमच ४ मिलिग्रॅम प्रतिकिलो स्नायूत, सोबत ॲट्रोपिन ०.०२ मिलिग्रॅम प्रतिकिलो. पण त्यानंतर श्वास पूर्ण तुमच्या हातात येतो. नळी घालता येत नसेल, मास्कवर भरवसा नसेल, तर केटामाइनची बाटली उघडायचीच नव्हती.

मुलीचा एमआरआय सकाळी १० वाजता आहे, वय दोन वर्षे. ‘रात्रीपासून काही देऊ नका’ असे सांगितले आहे. पाणीसुद्धा नाही? — पालक, दिंडोरी

पाणी द्या. १०च्या वेळेसाठी गाईचे, म्हशीचे किंवा पावडरचे दूध आणि बिस्किटासारखे हलके खाणे पहाटे ४पर्यंत, आईचे दूध ६पर्यंत, साधे पाणी किंवा साखरपाणी ८पर्यंत. तळलेले, तुपकट खाणे रात्री २नंतर नको. चहा दुधात मोजायचा, पाण्यात नाही. रात्रभर कोरडे ठेवलेले मूल चिडते, त्याची शीर सापडत नाही आणि गुंगीत रक्तदाब घसरतो. ही वेळ तुमच्या डॉक्टरांकडून पक्की करून घ्या, कारण नंबर दुपारी सरकला तर पाण्याचीही वेळ सरकते.

आजीने कौतुकाने चाखवलेला अर्धा पेढाही सांगा. कुणी रागावले तरी चालेल, लपवू नका. नाशिकच्या थंडीत नाक वाहणे नेहमीचेच, पण ताप, छातीतला खोकला किंवा घरघर असेल तर आदल्या दिवशी फोन करून तारीख पुढे घ्या. हात जोडून विचारायला हरकत नाही: ‘आत मुलीच्या श्वासाकडे कोण पाहणार?’

दोन-तीन वर्षांची मुले खुर्चीत बसत नाहीत. पालकांनी घरूनच झोपेचे सरबत देऊन आणले तर? — दंतवैद्य, कॉलेज रोड

नको. रिक्षात, गाडीत मूल खोल गेले तर तिथे ना ऑक्सिजन ना माणूस. अमेरिकेच्या बालरोग आणि बालदंत संघटनांच्या २०१९च्या सूचनाही घरी गुंगी देण्याच्या विरोधात आहेत. त्याच सूचनांनुसार दातांच्या खुर्चीत खोल गुंगी असेल तर दंतवैद्याशिवाय, फक्त मुलावर लक्ष ठेवणारी स्वतंत्र प्रशिक्षित व्यक्ती हवी. तुमचे काम तोंडात, म्हणजे श्वासाच्या वाटेवरच चालते. पाण्याचा फवारा आणि कापसाचे बोळे तिकडेच जातात, म्हणून रबर डॅम (दाताभोवती लावायचा रबराचा पडदा) लावा. आणखी एक, जे विसरले जाते: बधिर करणाऱ्या लिग्नोकेनची कमाल मात्रा मुलांच्या दंतोपचारांत ४.४ मिलिग्रॅम प्रतिकिलो. १५ किलोच्या मुलाला ६६ मिलिग्रॅम, म्हणजे २ टक्क्यांचे ३.३ मिली. तोंडाचे चारही कोपरे एकाच दिवशी करायच्या नादात ही मर्यादा ओलांडली जाते आणि गुंगीतल्या मुलाला फिट येते.

बेरा तपासणीसाठी ट्रायक्लोफॉस हे झोपेचे सरबत देतो. मूल झोपले नाही तर पुन्हा किती? आणि घरी केव्हा सोडायचे? — श्रवणतज्ज्ञ, नाशिक

आधी औषधाविनाच पाहा. आदल्या रात्री उशिरा झोपवणे, पहाटे उठवणे, वाटेत झोपू न देणे, आल्यावर पाजून अंधाऱ्या खोलीत गुंडाळणे. सहा महिन्यांखालची पुष्कळ बाळे एवढ्यावर झोपतात. द्यायचेच तर डॉक्टरच्या देखरेखीत ५० मिलिग्रॅम प्रतिकिलो. १० किलोला ५०० मिलिग्रॅम, ५ मिलीत ५०० असलेल्या सरबताचे ५ मिली. परिणामाला ३०-४५ मिनिटे लागतात. वीस मिनिटांत कंटाळून दुसरा चमचा पाजणे हीच नेहमीची चूक. पाऊण तास गेल्यावर फार तर २५ मिलिग्रॅम प्रतिकिलो. त्यावरही झोपले नाही तर तारीख बदला. थुंकलेले किती गेले याचा अंदाज बांधून पुन्हा देऊ नका.

सोडण्याचे जास्त महत्त्वाचे. हे औषध शरीरात तासन् तास रेंगाळते, तान्ह्यात तर फारच. उठून रडले म्हणजे संपले असे नाही. शांत खोलीत, कोणी न हलवता, न खेळवता २० मिनिटे जागे राहिले तरच सोडा. सुरगाणा-पेठेकडचे पालक दुचाकीवर येतात. सावळघाटाच्या वळणांवर मागे बसलेल्या आईच्या कुशीत मूल पुन्हा झोपते, हनुवटी छातीला टेकते आणि वाट बंद होते. इंजिनाच्या आवाजात कळत नाही. अशांना सकाळचा पहिला नंबर द्या, दुपारपर्यंत थांबवा, एसटी किंवा जीपनेच पाठवा आणि एका मोठ्या माणसाने फक्त डोके सरळ धरून बसायचे, हे कागदावर लिहून द्या.

आईला आत थांबू द्यावे का? — परिचारिका, पंचवटी

मूल झोपेपर्यंत जरूर, खुर्चीवर बसवून. नंतर बाहेर. चक्कर येऊन पडलेली आई म्हणजे श्वासावर बसलेल्या सिस्टरला दुसरा पेशंट.

प्रशिक्षण झाले, प्रमाणपत्रे भिंतीवर लागली. वर्षभराने पथक तयार आहे हे कशावरून ओळखायचे? — रुग्णालय व्यवस्थापक, मुंबई नाका

प्रमाणपत्रावरून नाही. मास्कचा हात तीन ते सहा महिन्यांत सुटू लागतो. दर तीन महिन्यांनी न सांगता सराव घ्या, दुपारी जेवणाच्या वेळी किंवा रात्रपाळीत. टेबलावर पुतळा ठेवून म्हणा, ‘लाट सपाट झाली.’ घड्याळ लावा: मदतीला हाक किती सेकंदांत गेली, पुतळ्याची छाती पहिल्यांदा केव्हा उचलली, सक्शन ओढले का, उताऱ्याची मात्रा कुणी किती सांगितली. अर्ध्या मिनिटात छाती उचलली नाही तर तो सराव त्याच आठवड्यात पुन्हा. डॉक्टरांनाही यात घ्या. सिस्टरने ‘सर, थांबा, श्वास नाही’ म्हटल्यावर सर खरेच हात थांबवतात का, ते तिथेच कळते, आणि थांबत नसतील तर त्यांचा सराव वेगळा घ्यावा लागतो.

एक वही ठेवा. सॅच्युरेशन ९०च्या खाली गेले, मास्क लावावा लागला, उलटी झाली, उतारा वापरला, ठरल्यापेक्षा उशिरा सोडले, यांतले काहीही घडले की त्याच दिवशी चार ओळी. मूल ठणठणीत घरी गेले तरीही. नाव कुणाचे लिहायचे नाही, नाहीतर तिसऱ्या महिन्यापासून वही कोरी दिसेल.